मांडवाबाहेरची गाणारी : महदंबेच्या धवळ्यांचा प्रकरण अभ्यास

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी घाणा भरतात. मुसळांना हळकुंड आणि आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी हात लावायचा आणि मुसळ उखळात पडेल त्या ठेक्यावर गाणी म्हणायची. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीकडे आमचं गाव. १९८७ च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात घाण्याला बसलेल्या बायका एका गाण्याच्या मध्यावर अडखळल्या. कुणालाच पुढचं आठवेना. मुसळं थांबली. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून पुढची ओळ आली, खणखणीत आणि सुरात. बायकांनी ती उचलली आणि मुसळं पुन्हा पडायला लागली.

दाराआड माझी आत्ती होती, वडिलांची थोरली बहीण. लग्नाला तीन वर्षं होताहेत तोवर नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि त्यानंतर आमच्या घरातल्या एकाही लग्नात ती मांडवात आली नाही. कुणी तिला हाताला धरून मागं नेलं असं मी कधी पाहिलं नाही. तशी वेळच यायची नाही. हळदीचं ताट बाहेर निघालं की ती आपण होऊन चुलीकडे जायची. आणि तरी गल्लीतल्या एकाही लग्नातली गाणी तिच्यावाचून पुरी झाली नाहीत. बायका दाराकडे तोंड करून विचारायच्या, "आक्का, फुडं काय हो?" आणि आतून उत्तर यायचं.

पुढे एम. ए. ला मराठी घेतलं. आद्य मराठी कवयित्री म्हणून महदंबेवर टीप लिहायला असायची. माझ्या नोट्समध्ये एक वाक्य होतं: महदंबा बालविधवा होती, तिने लग्नप्रसंगी गायची धवळेगीते रचली. या दोन गोष्टींच्या मध्ये फक्त एक स्वल्पविराम होता. परीक्षा झाली, नोकरी लागली, पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, पण तो स्वल्पविराम काही मनातून गेला नाही. जिला मांडवात जागा नाही तिच्याच तोंडून लग्नाचं गाणं कसं आलं, आणि ते तिच्या नावानिशी आपल्यापर्यंत कसं पोचलं? या लेखात तेवढंच एक प्रकरण उलगडून बघायचं आहे. आत्तीचं नाव मी इथे देत नाही. का ते शेवटी कळेल.

प्रसंग

साल साधारण १२८६-८७. ठिकाण ऋद्धिपूर, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव. देवगिरीच्या गादीवर रामदेवराव यादव. आपलं बेळगावही तेव्हा त्याच राज्यात होतं. किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर ज्यांच्या काळात, १२०४ मध्ये, उभं राहिलं ते रट्ट राजे जाऊन इथे यादवांचा अंमल आलेला होता. वऱ्हाड आपल्याला लांबचं वाटतं, पण त्या वेळी सत्ता एकच होती.

महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांनी महाराष्ट्र सोडून दहा-बारा वर्षं झाली होती. त्यांच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. सगळे त्यांना भटोबास म्हणत. चक्रधरांच्या वियोगाने पोरके झालेले शिष्य ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येऊन राहिले होते. गोविंदप्रभू हे चक्रधरांचे गुरू. त्यांचं वागणं लोकविलक्षण होतं. मनाला येईल तसं हसायचे, खेळायचे, रागवायचे, कुणाच्याही घरात जाऊन जेवायचे, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीतही जायचे. गावाने त्यांना आईबाप मानलं होतं.

एकदा या गोविंदप्रभूंच्या मनात लग्नाचा खेळ आला. देवाच्या मनात आलं म्हटल्यावर भक्तांनी तयारी केली. लग्न म्हटलं की गाणी हवीत. ती गाण्याची आज्ञा झाली महदंबेला. तिने श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तिथल्या तिथे रचून गायले. धवळ्यांचा पूर्वार्ध हा असा उत्स्फूर्त. उत्तरार्ध नंतर पुरा झाला. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे हे धवळे तिच्याही आधीचे. नाव माहीत असलेली मराठीतली पहिली कवयित्री ती ही.

त्या मांडवात पंडितांची कमतरता नव्हती. पंथात संस्कृत जाणणारे, ग्रंथ रचण्याची ताकद असणारे पुरुष होते. पण लग्नात गायचं गाणं ही बाईच्या ताब्यातली गोष्ट होती आणि ते पंडितांच्या पोथीत सापडणारं नव्हतं. माझ्या बहिणीच्या घाण्याच्या दिवशी सोप्यावर बसलेल्या पुरुषांत भजनी मंडळाचे दोन बुवा होते. मुसळं थांबली तेव्हा त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

ती कोण होती

तिचं मूळ नाव रूपाई. पुढे महदाइसा, महदंबा. चक्रधर तिला म्हातारी म्हणत, आणि ते लाडाचं होतं. नागदेवाचार्यांची ती नात्याने बहीण. लहान वयात वैधव्य आलं. आधी ती दादोस नावाच्या साधूची शिष्या होती, त्यांच्याच ओळखीने चक्रधरांकडे आली आणि मग त्यांचीच झाली.

चक्रधरांच्या आठवणींच्या 'लीळाचरित्र' या ग्रंथात ती जिथे जिथे येते तिथे तिथे काहीतरी विचारत असते. याचं कारण काय, त्याचा अर्थ काय, असं केलं तर काय होतं? चक्रधरांनीच तिच्याबद्दल म्हटलं आहे की म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, इथे नेहमी काही ना काही पुसतच असते. वर्गात मुलींना मी हा भाग शिकवते तेव्हा इथे थांबते. आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला 'लई बोलते' म्हणतात. तिथे साडेसातशे वर्षांपूर्वी गुरूने एका विधवेच्या विचारण्याची नोंद गुण म्हणून केली. माझ्या मते महदंबेला आवाज सापडला तो त्या लग्नाच्या दिवशी सापडला नाही. गाण्याच्या कितीतरी वर्षं आधी, रोजच्या विचारण्यात, तो घडत आलेला होता. आपण विचारलं तर उत्तर मिळतं, आपल्यावर कुणी हसत नाही, हे जिच्या अंगवळणी पडलेलं आहे तिला आज्ञा झाल्यावर घसा साफ करायला वेळ लागत नाही.

ती एकटीही नव्हती. बाइसा, आबाइसा, उमाइसा, आउसा, साधें अशा कितीतरी स्त्रिया त्या परिवारात होत्या. नावापुढचं 'आइसा' हे आदराचं. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, मासिक पाळीचा विटाळ मानू नका असं सांगितलं. शरीराला जसे इतर धर्म तसा हाही एक, अशी त्यांची शिकवण होती. पुरुषात जीव आणि बायकांत काय एवढीशी जीवुली असते का, असा त्यांचा एका शिष्याला केलेला सवाल प्रसिद्ध आहे.

त्याच राज्यात, त्याच दशकांत दुसरीकडे काय चाललं होतं हेही बघायला हवं. यादवांचा मंत्री हेमाद्री 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ लिहीत होता. त्यातलं व्रतखंड म्हणजे व्रतांचा कोश. कुठल्या तिथीला काय पुजावं, कोणतं दान द्यावं याचा समुद्र. बाईचं आयुष्य ज्या व्रतांनी बांधलं गेलं ती संस्कृतात नोंदली जात होती, आणि त्या बाईला मात्र संस्कृत शिकायची मुभा नव्हती. नवरा गेल्यावर तर ती सौभाग्याच्या व्रतांतूनही बाहेर. महदंबा वाढली ती या जगात. ऋद्धिपूर हा त्या जगातला छोटासा अपवाद होता. तो छोटा होता हे विसरून 'तेव्हाच्या महाराष्ट्रात स्त्रियांना केवढं स्वातंत्र्य होतं' असं भाषणात सांगणं मला पटत नाही.

हातात आधीपासून काय होतं

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगते.

महदंबेने धवळा हा प्रकार शोधून काढला नाही. लग्नात बायकांनी धवळे गायचे ही चाल तिच्या आधीपासून होती. ओवी तर त्याहून जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात त्याने नोंद केली आहे की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. कन्नड मुलखातल्या राजाने संस्कृत ग्रंथात मराठी बायकांच्या कांडणाची ओवी नोंदवून ठेवली. आम्हा सीमेवरच्या माणसांना या एका ओळीचं फार अप्रूप वाटतं. आमच्या गल्लीत आजही एका घरात ओवी आणि शेजारच्या घरात कन्नड सोबान पदं, म्हणजे मंगलगाणी, एकाच सकाळी चालू असतात आणि चाली एकमेकींच्या अंगणात जाऊन येतात.

कांडताना म्हणजे मुसळ हातात असताना. म्हणजे आमचा घाणाच. सोमेश्वराने ऐकलेल्या बायका आणि माझ्या बहिणीच्या घाण्याला बसलेल्या बायका यांच्यात साडेआठशे वर्षं आहेत, आणि ठेका तोच.

पण सोमेश्वराच्या नोंदीत एकाही बाईचं नाव नाही. 'स्त्रिया गातात', एवढंच. तिथून महदंबेपर्यंत दीडशे वर्षं. एवढ्या काळात किती बायकांनी किती ओव्या रचल्या असतील याचा हिशेब लागणार नाही. गाणं होतं, रचणाऱ्या होत्या, चांगल्या-वाईटाची पारख करणाऱ्या शेजारणी होत्या. कमी होतं ते एवढंच की हे अमकीनं केलं, असं म्हणणारं कुणी नव्हतं. बाईने रचलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं होऊन जायचं. त्यात एक मोठेपण आहे हे मी नाकारत नाही. पण पुरुषाने रचलेलं अभंगात आणि लावणीत त्याच्या नाममुद्रेसकट टिकलं आणि बाईने रचलेलं 'सगळ्यांचं' झालं, याला नुसतं मोठेपण म्हणून गप्प बसायचं का?

नाव टिकलं कसं

महदंबेच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या.

भाषा ही पहिली. चक्रधरांनी मराठीतून शिकवलं. त्यांच्या मागे केशिराजांसारखे पंडित संस्कृतकडे ओढ घेऊ लागले तेव्हा भटोबासांनी अडवलं. तुमचं अस्मात-कस्मात मला कळत नाही, चक्रधरांनी मला मराठीत निरूपण केलं आहे, त्यातलंच विचारा, असं त्यांचं सांगणं. संस्कृतात गेलात तर स्वामींचा साधा परिवार नागवला जाईल, ही त्यांची काळजी. त्या साध्या परिवारात म्हाताऱ्या बायका होत्या. भटोबास त्या दिवशी नमते तर महदंबेचं गाणं गाण्यापुरतंच राहिलं असतं, त्याला पंथात ग्रंथाची किंमत आली नसती.

दुसरी गोष्ट म्हाइंभट. चक्रधरांच्या आठवणी गोळा करण्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला. ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्या तोंडून विचारून घेतलं, पुन्हा भटोबासांकडून पडताळलं आणि लिहिलं. त्यातून लीळाचरित्र झालं, मग गोविंदप्रभूंचं चरित्र झालं. कुणी विचारलं, कोण काय म्हणालं, कुठे म्हणालं हे जपणं ही त्या पंथाची सवयच झाली होती. ज्या घरात असं लिहिणारं माणूस आहे त्या घरात बाईचं गाणं हवेत विरत नाही.

तिसरी गोष्ट गोविंदप्रभूंची आज्ञा. मला तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं. आज्ञा झाली म्हणून ती गायली, म्हणजे पुरुषाच्या परवानगीनेच आवाज फुटला, असा आक्षेप माझ्याच एका विद्यार्थिनीने घेतला होता आणि तो खरा आहे. पण आज्ञा कुणाला झाली हेही पाहावं. लग्नाच्या खेळात गाणारी म्हणून त्यांनी सवाष्ण शोधली नाही. अपशकुन, शुभ-अशुभ यांची पर्वा न करणाऱ्या त्या अवलियाने विधवेला समोर बोलावून मंगल गाणं म्हणायला लावलं. आमच्या घरात अशी आज्ञा करणारं कुणी नव्हतं. माझे वडील प्रेमळ होते, बहिणीला त्यांनी जन्मभर सांभाळलं, पण 'आक्का, बाहेर ये आणि म्हण' एवढे चार शब्द त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत. माझ्याही आले नाहीत. १९८७ मध्ये मी सतरा वर्षांची होते, बोलता आलं असतं. हे मी लिहून ठेवते.

तिने काय निवडलं

कृष्णाच्या लग्नाचं गाणं म्हण, एवढं सांगितलं की कथा ठरलेली असते. पण रुक्मिणीची कथा कुणी कुठल्या अंगाने सांगावी यात खूप मोकळीक आहे. पराक्रमाच्या अंगाने गेलं तर ती हरणाची आणि लढाईची कथा होते. रुक्मी, शिशुपाल, रथ, पाठलाग. महदंबा रुक्मिणीच्या मनाशी जास्त रमते. तिची ओढ, तिची घालमेल, लग्नघरातली लगबग यांत तिचा जीव अडकलेला दिसतो. पंडिती अलंकार कमी, घरातलं बोलणं जास्त.

आणि रुक्मिणी कोण? पुराणातली अशी मुलगी की जिने भावाने ठरवलेलं लग्न मनातून नाकारलं आणि आपल्याला हव्या त्या पुरुषाला आपण होऊन निरोप धाडला: ये आणि मला घेऊन जा. भागवतात हा निरोप सात श्लोकांचा आहे. स्वतःची इच्छा स्वतःच्या शब्दांत सांगणारी ही मुलगी. तिचं माहेर कौंडिण्यपूर वर्धा नदीकाठी आहे, ऋद्धिपूर ज्या जिल्ह्यात त्याच अमरावती जिल्ह्यात. महदंबा ही कथा गात होती तेव्हा ती द्वारकेच्या राणीचं गाणं गात नव्हती, जवळच्याच गावच्या लेकीचं गात होती. आपल्याकडे सौंदत्तीच्या रेणुकेची गाणी म्हणताना बायकांचा आवाज जसा बदलतो, 'आमची यल्लू' म्हणतात, तसंच हे असणार.

स्वतःच्या वैधव्याबद्दल, स्वतःच्या दुःखाबद्दल धवळ्यांत ती काही सांगत बसत नाही. ते भक्तीचं काव्य आहे आणि तिचा कृष्ण पंथाचा परमेश्वर आहे. म्हणून काही जण विचारतात की यात तिचा 'स्वतःचा' आवाज कुठे आहे? मला हा प्रश्न आजच्या कवितेच्या मापाने कालची साडी मोजण्यासारखा वाटतो. आपलं दुःख उघड मांडणं ही कवितेची एक रीत झाली. कुणाच्या कथेत आपण किती वेळ रेंगाळतो, कुठे घाईने पुढे जातो, यातही माणूस कळतं. जिला लग्नाचा संसार लाभला नाही ती लग्नघराचा उत्साह इतक्या मायेने गाते. यात मला रडगाणं दिसत नाही आणि त्यागही दिसत नाही. तिला ते गाणं येत होतं, आवडत होतं, आणि ते तिचं होतं.

बेळगावची आठवण

या जागी इंदिरा संतांचं नाव घेतल्याशिवाय बेळगावच्या माणसाला पुढे जाता येणार नाही. निपाणीजवळच्या तवंदीत त्यांचं बालपण गेलं, आणि आयुष्याचा मोठा काळ बेळगावात. पहिला संग्रह 'सहवास', १९४० चा, पती ना. मा. संत यांच्यासह. १९४६ मध्ये पती गेले. तीन मुलं, शिक्षिकेची नोकरी, पुढे अध्यापिकांच्या ट्रेनिंग कॉलेजची जबाबदारी. १९५१ मध्ये 'शेला' आला, तो त्यांचा एकटीचा. १९८४ मध्ये 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी मिळाला. इतकी मोठी कवयित्री, पण उतारवयात त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवून त्यांचा 'मालनगाथा' केला. ज्यांच्या ओव्यांना नाव नव्हतं त्या बायकांकडे त्या परत गेल्या. त्यांच्या एकटेपणाच्या कवितेवर खूप लिहिलं गेलं आहे, ते मी इथे उगाळत नाही. मला या ओव्या जमवण्याचं मोल जास्त वाटतं.

आणि मग पुन्हा सहाशे वर्षं

महदंबेचं नाव टिकलं, पण ते लोकांपर्यंत पोचलं नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. पंथाबाहेरच्या माणसाला पोथी उघडूनही एक अक्षर लागायचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे अशा अभ्यासकांच्या खटपटीने आणि काही महंतांच्या मोकळेपणाने त्या लिपीची किल्ली हाती लागली, तेव्हा लीळाचरित्र आणि धवळे उजेडात आले. मधल्या काळात मराठीची पहिली कवयित्री मुक्ताई की जनाई, एवढीच चर्चा व्हायची. ज्या पोथीने तिला सांभाळलं तिनेच तिला कुलूप लावलं. दोन्ही गोष्टी एकाच पंथाच्या हातून झाल्या आणि दोन्ही जपण्याच्या इच्छेनेच झाल्या. आज त्याच ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे.

आत्तीची वही

आत्ती आता नव्वदीकडे झुकली आहे. ऐकू कमी येतं, पण गाणं लागलं की मान डोलते. मी तिची गाणी दोनशे पानी वहीत लिहून घेतली. लिहिताना एक अडचण यायची. आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी सांगतो' असंच म्हणतात. शाळेची प्रमाण मराठी माझ्या हातात इतकी मुरलेली की मी नकळत 'सांगते' लिहायची. मग परत वाचून दाखवलं की ती म्हणायची, "असं कुठं म्हणलो मी?" तेव्हापासून तिचा शब्द तसाच ठेवला.

एक दिवस घाण्याची गाणी लिहिताना तिने ही ओवी सांगितली:

मांडवाच्या दारी उभ्या लेकीसुना बाई
मी गं चुलीम्होरं, माझं गाणं तिथं जाई

मी पेन थांबवलं. ही ओवी मी कुठेच ऐकली नव्हती. नंतर शेजारच्या तीन गावांत म्हाताऱ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नव्हती. आत्तीला विचारलं, "कुणाची गं ही?" तिने कांद्याच्या पातीकडे बघत सांगितलं, "हितलीच हाय." तिच्या तोंडून त्याहून जास्त काही निघालं नाही. मी वहीत ओवी लिहिली आणि खाली एक ओळ कोरी सोडली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका महिला मंडळाने लग्नगीतांची पुस्तिका छापली. वहीतली बरीच गाणी मी दिली होती. पुस्तिका हातात आली तेव्हा प्रत्येक गाण्याखाली कंसात एकच शब्द होता: पारंपरिक. त्या ओवीखालीसुद्धा. मंडळातल्या बायकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटलं, असंच लिहायचं असतं. मला मात्र सोमेश्वराची ओळ आठवली. महाराष्ट्रात स्त्रिया गातात.

मग मी ठरवलं की हे सगळं आत्तीला सांगायचं. एका रविवारी दुपारी परड्यात खाट टाकून तिला महदंबेची गोष्ट सांगितली. लहानपणी नवरा गेलेली, प्रश्न विचारणारी, गुरूंच्या मनात लग्नाचा खेळ आला तेव्हा गाणं रचणारी. तिने सगळं शांतपणे ऐकलं. भटोबास, म्हाइंभट यांच्यात तिला फार रस वाटला नाही. कुलूप लावलेल्या लिपीचं ऐकून 'अगं बया' म्हणाली. आणि मग विचारलं, "त्या बाईनं गाणं म्हणलं ते कुठं उभारून म्हणलं?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने, एकाही प्राध्यापकाने मला हे विचारलं नव्हतं.

"समोर," मी म्हणाले. "प्रभूंनीच म्हण म्हणून सांगितलं. सगळ्यांच्या समोर."

"दाराआड न्हाई?"

"न्हाई आत्ती. समोर."

ती गप्प झाली. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, कन्नड मालिका. बऱ्याच वेळाने तिने वही मागितली. तिला अक्षरओळख आहे, दुसरीपर्यंत शिकली आहे. बोटाने पानं उलटत ती त्या ओवीपाशी आली, खालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हितं जागा सोडल्यास न्हवं? लिव."

मी पेन काढलं आणि तिचं नाव लिहायला लागले, रेशनकार्डावर आहे ते, सासरचं. तिने माझा हात धरला.

"ते न्हवं," ती म्हणाली आणि लग्नाआधीचं नाव सांगितलं. घरात ती सगळ्यांची आक्का, आमची आत्ती. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. फक्त वहीत लिहायचं, आणखी कुठं नको, असं तिने बजावलं. दोनदा विचारून, एकेक अक्षर तिला दाखवत मी ते लिहिलं.